मार्टिन्स कोव्हचा हातगाडी ट्रेक: युटातल्या मराठी पालकांसाठी

शेजारच्या वॉर्डातून, म्हणजे मॉर्मन चर्चच्या स्थानिक मंडळीकडून, मुलांना हातगाडी ट्रेकचं बोलावणं आलंय, पाठवू का, असं उन्हाळा जवळ आला की ओळखीच्या मराठी आया मला विचारतात. माझं उत्तर एकच: पाठवा. मोठ्या माणसांना मदतीला घेत असतील तर तुम्हीही जा. फक्त निघण्याआधी पायांची तयारी करा आणि १८५६ साली नेमकं काय घडलं ते मुलांना घरी बसवून सांगा. या दोन बाबी तिथे कमी पडतात. बाकी सगळं मला मनापासून आवडलं.

युटात नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची पहिली तुकडी १८४७च्या जुलैमध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली, म्हणून इथे २४ जुलैला सुट्टी असते. पण मागून येणाऱ्या सगळ्यांनाच बैल आणि गाडी परवडणारी नव्हती. इंग्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्कमधून आलेली ही बरीचशी गरीब कुटुंबं. रेल्वे आयोवा सिटीपर्यंत होती. तिथून पुढे जवळजवळ २१०० किलोमीटर त्यांनी लाकडी हातगाड्या स्वतः ओढत नेल्या. १८५६ ते १८६० या काळात अशा दहा तुकड्या निघाल्या, सुमारे ३००० माणसं. त्यांची आठवण म्हणून चर्चची चौदा ते अठरा वर्षांची मुलं जुन्या पद्धतीचे कपडे घालून हातगाड्या ओढतात. बहुतेक ठिकाणी दर चार वर्षांनी हा ट्रेक होतो, म्हणजे प्रत्येकाला शाळा संपायच्या आत एकदा तरी संधी मिळते. आठ-दहा मुलांचं एक ‘कुटुंब’ करतात. त्यांना एक ‘मा’ आणि एक ‘पा’ असतात, ते वॉर्डातलंच एखादं जोडपं. फोन घरी ठेवायचे.

आमची शेजारीण अशीच एक मा होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे तिला ठाऊक, म्हणून तिने मला प्रथमोपचाराच्या गटात यायला सांगितलं. माझी थोरली आणि धाकटा वेगवेगळ्या कुटुंबांत गेले. मुद्दाम तसंच करतात आणि ते योग्यच आहे. सख्खी भावंडं एका गाडीला जुंपली तर दोघं आपसातच बोलत राहतात.

मार्टिन्स कोव्ह वायोमिंगमध्ये आहे. सॉल्ट लेकहून आय-८०ने रॉलिन्स, तिथून उत्तरेला मडी गॅप, मग २२० नंबरचा रस्ता. गाडीने साडेपाच तास धरा. पेट्रोल रॉलिन्सलाच भरून घ्या. शेवटच्या टप्प्यात वस्ती जवळपास नाहीच. हे टॉम सन नावाच्या माणसाचं जुनं रँच. तो १८७०च्या दशकात इथे स्थिरावला. चर्चने नव्वदच्या दशकात ते विकत घेऊन माहिती केंद्र उघडलं. प्रत्यक्ष कोव्ह, म्हणजे डोंगरांमधला खोलगट भाग, मात्र सरकारी जमिनीवर आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, आणि दिवसापुरतं येणाऱ्या कुटुंबांनाही हातगाडी फुकट मिळते. केंद्र चालवणारी बहुतेक निवृत्त जोडपी. महिनोन्‌महिने स्वतःच्या खर्चाने येऊन राहतात, गाड्यांची चाकं बघतात, संडास धुतात, आणि प्रश्न विचारला की बसून उत्तर देतात. इतकी मनापासून चालवलेली जागा मी अमेरिकेत फार कमी पाहिली.

गाडीबद्दल. दोन दांडे, पुढे आडवी लाकडी दांडी, मागे उघडी पेटी, आणि मोठी लाकडी चाकं. आडव्या दांडीच्या आत दोघं-तिघं उभी राहून पोटाने आणि हातांनी रेटतात, बाकीची मागून ढकलतात. सपाटीवर गाडी हलकी वाटते. वाळू लागली की ती जागची हलत नाही, आणि उतारावर तर ओढण्यापेक्षा रोखून धरायला जास्त ताकद लागते. आताच्या गाड्या चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या आहेत. १८५६च्या घाईघाईने ओल्या लाकडाच्या केल्या होत्या. वायोमिंगच्या कोरड्या हवेत त्या आकसल्या, आसांत धूळ जाऊन त्या झिजल्या, आणि वंगण म्हणून लोकांनी जेवणातली चरबी आणि साबण लावला. माणशी सामानाची मर्यादा १७ पाउंड, म्हणजे पावणेआठ किलो. त्यात अंथरूण, कपडे, सगळं. आमच्या मुलांना प्रत्येकी एक मोठी प्लास्टिकची बादली दिली होती. सामान तीतच, आणि संध्याकाळी झाकण लावून बसायलाही तीच. ही कल्पना फार उपयोगाची आहे.

आता पाय, कारण यासाठीच मी हे लिहायला घेतलं. आयोजकांनी कपड्यांची यादी पानभर पाठवली होती. झगा कसा, बॉनेट म्हणजे डोक्यावरची टोपी कुठल्या कापडाची, मुलांना गॅलिस हवेतच, सगळं. बुटांबद्दल एक ओळ. परिणाम असा की पहिल्याच संध्याकाळी प्रथमोपचाराच्या तंबूबाहेर रांग लागली, आणि निम्म्याहून जास्त पोरं ट्रेकसाठी घेतलेले कोरे बूट घालून आली होती. फोड टाचेवर येतो तो घासण्याने, आणि ओल्या मोज्यात फार लवकर. म्हणून जुने, पायाला बसलेले बूट आणि लोकरीचे मोजे, सुती नव्हे. दुपारी जेवताना मोजे बदलायचे, ओले गाडीवर वाळत टाकायचे. टाच नुसती गरम लागायला लागली की तिथेच गाडी थांबवून चिकटपट्टी लावायची. मुक्कामापर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. मुलींना लांब झग्याच्या आत सायकलिंगची चड्डी द्या, मांड्या घासत नाहीत. आणि झगा घोट्याच्या वरच ठेवा. चाकाजवळ लोळणारा झगा मी स्वतः कात्रीने कापला आहे, एका मुलीचा, तिच्या परवानगीने.

पाण्याची व्यवस्था उत्तम होती. ठरावीक वेळाने शिट्टी वाजायची, सगळ्यांनी थांबून प्यायचं, मा-पांनी स्वतः बघायचं की मूल खरंच पितंय. ही जागा सुमारे सहा हजार फुटांवर आहे, सगळीकडे सेजब्रशची झुडपं, सावली शोधून सापडत नाही, आणि वाऱ्यामुळे घाम आलेला कळतच नाही. नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर हवी. मी लिंबू-साखर-मिठाच्या पुड्या करून नेल्या होत्या, त्या सगळ्या संपल्या. रात्री थंडी वाजते, जुलैतही. नदीकाठी डास भरपूर. झुडपात हात घालायचा नाही, खडखड्या साप असतात.

चढावर एका ठिकाणी मुलग्यांना बाजूला काढतात आणि मुली एकट्या गाड्या वर नेतात. मुलगे टोप्या काढून दोन्ही बाजूंना गप्प उभे राहतात. मी खाली, गाड्यांच्या मागे होते. थोरली पुढच्या दांडीला होती, मान खाली, काही न बोलता. वर पोचल्यावर ती थांबलीच नाही, मागच्या गाडीला हात लावायला गेली. या प्रसंगाचं कारण मात्र आमच्या मुलांना असं सांगितलं गेलं की पुरुष सैन्याच्या मॉर्मन बटालियनमध्ये गेले होते. ती बटालियन १८४६ची, हातगाड्यांच्या दहा वर्षं आधीची. खरं कारण जास्त जड आहे: हातगाडीवाल्या बायका एकट्या ओढत होत्या, कारण कित्येकींचे नवरे वाटेत मेले होते. ते सांगायला हवं होतं.

कोव्हमध्ये हातगाडी नेऊ देत नाहीत. बाहेर लावून पायी जायचं. जाता-येता मिळून साधारण आठ किलोमीटर होतात. तीन बाजूंनी ग्रॅनाइटचे डोंगर आणि मध्ये वाळूचा खोलगट भाग. १८५६च्या नोव्हेंबरात एडवर्ड मार्टिनच्या तुकडीने बर्फाच्या वादळात इथे आसरा घेतला. पीठ आधी दिवसाला पाऊंडभर मिळायचं, ते इथे पाव हिश्श्यावर आलं होतं. मार्टिन आणि त्यांच्या पुढची विली यांची, अशा दोन तुकड्यांत मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली.

प्रत्येक मुलाला त्या प्रवासातल्या एका माणसाच्या नावाचं कार्ड देतात. थोरलीच्या कार्डावर नेली प्युसेल होती. मार्टिनच्या तुकडीतली नऊ वर्षांची मुलगी. आई-बाप दोघेही वाटेत काही दिवसांच्या अंतराने गेले. नेलीचे पाय गोठले. ते गुडघ्याखाली कापले, भूल न देता, घरातल्या हत्यारांनी. पुढे ती दक्षिण युटात सीडर सिटीला राहिली, लग्न झालं, सहा मुलं वाढवली, आणि गुडघ्यांवर चालत घर चालवलं. १९१५ साली वारली. माझं अर्धं आयुष्य कापलेल्या पायांच्या रुग्णांसोबत गेलं आहे. नीट न शिवलेल्या खुंटांवर साठेक वर्षं चालणं म्हणजे रोज काय सोसणं असतं, ते मी मुलांना त्या वाळूत बसून सांगितलं. तंबूत ज्यांच्या टाचांना मी पट्ट्या लावल्या होत्या तीच पोरं ऐकत होती, आणि एकाने विचारलं, तिला कुबड्या कुणी करून दिल्या का? चांगला प्रश्न होता.

सासूबाई फलटणच्या. फोनवर सगळं ऐकून म्हणाल्या, “म्हणजे वारीच की गं.” ही तुलना चालण्यापुरती खरी आहे. पण वारीत विठोबा पुढे असतो. इथे प्रत्येक मूल मेलेल्या एका माणसाचं नाव खिशात घेऊन चालतं. म्हणूनच ते नाव, ती गोष्ट खरी असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. संध्याकाळच्या गोष्टींत धीर आणि श्रद्धा भरपूर होती. या लोकांना इतक्या उशिरा निघू कुणी दिलं, हे कुणीच विचारलं नाही. ऑगस्टमध्ये नेब्रास्कात फ्लोरेन्सला विलीच्या तुकडीची सभा झाली. तिथे लीवाय सॅव्हेज नावाच्या माणसाने, ज्याने तो रस्ता आधी पाहिला होता, उठून सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन आता निघू नका. त्याचं ऐकलं नाही. मग तो त्यांच्याबरोबरच गेला आणि शेवटपर्यंत मदत करत राहिला. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना यापेक्षा मोठा माणूस दाखवायला कुठून आणणार? आमच्या ट्रेकमध्ये त्याचं नावही निघालं नाही. चार नोव्हेंबरला बर्फाळ स्वीटवॉटर नदीतून मार्टिनच्या तुकडीतली माणसं उचलून नेणाऱ्या तरुणांची गोष्ट मात्र झाली, आणि ते सगळे त्या गारठ्याने मेले असंही सांगितलं गेलं. त्यांतला डेव्हिड किंबॉल १८८३ पर्यंत जगला. त्यांनी केलं ते तेवढंच मोठं आहे, त्याला मरण जोडायची गरज नव्हती.

धर्माबद्दल सगळे दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते. प्रार्थना सकाळ-संध्याकाळ होतात. एका रात्री सगळे गोल बसून आपापल्या श्रद्धेबद्दल बोलतात. माझ्या मुलांवर कुणी काही लादलं नाही, धाकटा नुसता ऐकत बसला तर तेही चाललं. पण हे चर्च आपल्या धर्माचं निमंत्रण देणारं आहे आणि ते लपवत नाही. परत आल्यावर रविवारी या, असं प्रेमाने सांगतील. निघण्याआधी मुलांशी या विषयावर बोलून ठेवा, म्हणजे तिथे त्यांना अवघडल्यासारखं होत नाही.

जेवण पोटभर, पण मांसाहारी जास्त. आधी कळवलं तर शाकाहारी म्हणून बीन्स आणि टॉर्टिया देतात. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं. दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ होत्या, आणि आमच्या कुटुंबाच्या ‘पा’ने त्यांची कृती लिहून घेतली. संध्याकाळी व्हायोलिनवर स्क्वेअर डान्स होतो. दमलेली पोरं कुठून ताकद आणतात कोण जाणे.

गटांना मुक्कामाचं आरक्षण फार आधी करावं लागतं. तुम्ही कुटुंबापुरते जाणार असाल तर सप्टेंबरची सुरुवात निवडा, डास कमी आणि गर्दीही नाही. जवळच डेव्हिल्स गेटची खिंड आहे आणि तिच्याशेजारी सेमिनो किल्ल्याची प्रतिकृती, ती चुकवू नका. थोडं पूर्वेला इंडिपेन्डन्स रॉक आहे, त्यावर प्रवाशांनी कोरलेली नावं अजून वाचता येतात.

वायोमिंगला जाणं जमत नसेल तर सॉल्ट लेकजवळ ६५ नंबरच्या रस्त्यावर मॉर्मन फ्लॅट ते बिग माउंटन ही वाट आहे. सहा-सात किलोमीटरची चढण, १८४६ साली कॅलिफोर्नियाला निघालेल्या डॉनर पार्टी या तांड्याने झाडं तोडून काढलेली, आणि पुढच्या वर्षी मॉर्मन तिच्यावरूनच आले. वर पोचलं की खोऱ्याचा कोपरा दिसतो. हा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरुवात करा, वर एक मोटार आधीच ठेवा म्हणजे पायी उतरावं लागत नाही, आणि बूट जुनेच घाला.