पलीकडच्या कानासाठी घेतलेला हेडसेट : पॉली ब्लॅकवायर ३२२५

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कार्यालयातून दिवसाला तीस-चाळीस फोन होतात आणि त्यांतले बहुतेक मापांचे, नगांचे किंवा तारखांचे असतात. दोन वर्षांपूर्वी जॉबवर्क करणाऱ्या आमच्या टर्नरला, म्हणजे लेथवरच्या कारागिराला, मी गनमेटलच्या चाळीस बुशांचा (पोकळ नळकांड्यांसारख्या सुट्या भागांचा) बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, सदुसष्ट मिलिमीटर सांगितला, त्याने तो अडुसष्ट ऐकला आणि तसाच काढला. बाहेरचे माप जास्त राहिले तर नग पुन्हा लेथवर घेता येतो, पण बोअर एकदा मोठा झाला की तो नग भंगारातच जातो. त्या वेळी माझ्या कानात गाण्यांसाठी नावाजलेले, चांगले महागाचे बिनतारी इअरबड होते. टर्नरचा शब्दन्‌शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता, आणि माझा आवाजही तिकडे तसाच पोहोचत असणार असे मी धरून चाललो होतो. हेडसेट घेताना बहुतेकांची चूक नेमकी इथे होते, कारण दुकानात आपण तो स्वतःच्या कानाला लावून पारखतो आणि कामाच्या फोनवर त्याची पारख पलीकडचा माणूस करत असतो.

सदुसष्ट आणि अडुसष्ट यांतला फरक पहिल्या ‘स’वर आणि त्यामागच्या द-ड यांच्या भेदावर उभा आहे. ‘स’च्या उच्चारातली बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, आणि जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असल्यामुळे तो नेहमीच अर्धामुर्धा ऐकू येई. आता व्होल्टीई, म्हणजे फोर-जी जाळ्यावरून होणाऱ्या, कॉलवर, दोन्ही टोकांना सोय असेल तर, सुमारे ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोहोचतो. म्हणजे वाट रुंद झाली आहे, पण तो ‘स’ मायक्रोफोनने आधी नीट उचलला पाहिजे. इअरबडचा मायक्रोफोन कानाशी, ओठांपासून दहा-बारा सेंटिमीटर अंतरावर असतो. तिथे माझा आवाज आणि शेजारच्या शेडमधल्या पॉवर प्रेसचा धडधडाट जवळपास एकाच जोराने पोहोचतात. मग आतले सॉफ्टवेअर गोंगाट गाळायला बसते, आणि ‘स’ हा स्वतःच घासल्यासारखा, गोंगाटाशी साधर्म्य असलेला ध्वनी असल्यामुळे गाळताना त्याचाही बळी जातो.

ब्लूटूथची आणखी एक गोष्ट ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. गाणी ऐकवणारी वाहिनी एकतर्फी असते. मायक्रोफोन उघडला की उपकरण बोलण्याच्या वेगळ्या वाहिनीवर जाते, आणि तिथे आवाज आकड्यांत बदलण्याची जुनी सीव्हीएसडी पद्धत वापरली गेली तर सेकंदाला आवाजाचे फक्त ८००० नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचे सगळे कापले जाते. नवी एमएसबीसी पद्धत १६००० नमुने घेते. मात्र तिचा लाभ फोन आणि हेडसेट या दोघांनाही ती येत असेल तरच होतो. खोक्यावर संगीताच्या दर्जाविषयी कितीही छापलेले असले तरी त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही.

एवढे समजून घेतल्यावर मी तारेचा आणि मायक्रोफोनची दांडी तोंडाशी येणारा हेडसेट शोधला आणि पॉलीचा ब्लॅकवायर ३२२५ निवडला. ही मूळची प्लँट्रॉनिक्स, म्हणजे १९६१ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांचे चंद्रावरचे शब्द तिच्याच हेडसेटमधून पृथ्वीवर आले. २०१९ मध्ये कंपनीने पॉली हे नाव घेतले आणि २०२२ मध्ये ती एचपीकडे गेली, त्यामुळे खोक्यावर कधी एक, कधी दुसरे नाव दिसते आणि गिऱ्हाईक उगाच गोंधळते. याच मालिकेतल्या ३२२० ला फक्त यूएसबीची जोडणी आहे, तर ३२२५ ला यूएसबीबरोबर ३.५ मिलिमीटरची पिनही मिळते. माझे निम्मे फोन लॅपटॉपवरून आणि निम्मे मोबाइलवरून होत असल्यामुळे हा फरक माझ्या दृष्टीने निर्णायक ठरला.

या हेडसेटचे सारे मोल त्याच्या लवचीक दांडीत आहे. ती मी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे अंतरावर आणि किंचित खाली ठेवतो. अगदी तोंडासमोर आणली तर ‘भ’, ‘फ’, ‘ध’ यांचा श्वास मायक्रोफोनवर आदळतो आणि पलीकडे फटफट ऐकू जाते. एवढ्या जवळून आपला आवाज इतका वरचढ असतो की गाळण्याचे काम फारसे उरतच नाही. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, प्रेस चालू असताना, मी त्याच टर्नरला फोन लावून पन्नास ते सत्तरमधले वीस आकडे उलटसुलट क्रमाने वाचून दाखवले आणि त्याला लिहून घ्यायला सांगितले. विसाचे वीस बरोबर आले. “साहेब, आज शेड बंद आहे का?” असे त्याने विचारले, तेव्हा मला खरोखर फार बरे वाटले.

आता उणिवा. कानापर्यंत येणारा बाहेरचा आवाज दाबण्याची सोय यात नाही. मायक्रोफोनची गोंगाट टाळण्याची क्षमता आणि ऐकणाऱ्याच्या कानातली शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातींत त्या सर्रास एकत्र मिसळलेल्या असतात. ज्यांना दिवसभर गजबजाटात बसून ऐकायचे आहे, त्यांनी ती सोय असलेला वरचा प्रकार पाहावा. म्यूटचे आणि आवाज कमी-जास्त करण्याचे बटण यूएसबीच्या तारेवरील डबीत आहे, त्यामुळे मोबाइलला पिन लावली की ती बटणे हातची जातात. अनेक नव्या मोबाइलांना गोल पिनेची जागाच नसते. तिथे टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो, आणि तो मायक्रोफोन चालवणारा आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. गाद्या कानावर टेकतात, कानाला वेढत नाहीत. चष्म्याची दांडी जाड असेल तर तासाभराने दाब जाणवतो, म्हणून मी दर दोन फोनांनंतर हेडसेट मानेवर उतरवतो.

आमच्या डिस्पॅचच्या टेबलावर बसणाऱ्या काकांना शेजारच्याचे बोलणेही ऐकावे लागते. त्यांच्यासाठी मी याच मालिकेतला एकाच कानाचा ३२१५ घेतला आणि तो त्यांना अधिक मानवला. तार टेबलाच्या कडेला एका हुकातून ओवून घेतली आहे, कारण खुर्ची मागे सरकली की ताण थेट पिनेवर येतो.

घेताना मात्र स्वतः ऐकून समाधान मानू नये. दुकानाच्या दाराशी, रस्त्याचा आवाज येत असताना, घरी किंवा कार्यालयात फोन लावावा, आपल्या धंद्यात जे आकडे आणि जी नावे रोज बोलावी लागतात ती वाचावीत आणि पलीकडच्याला ती परत म्हणायला सांगावीत. दुकानदाराने या पाच मिनिटांना नकार दिला तर दुसरे दुकान पाहावे.