पेटंट अर्जाची सेवा: मसुदा उत्तम, माहिती अर्धवट

वाळूज औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात सोयाबीनची टोकण यंत्रे तयार होतात. दाण्याचे नाजूक साल यंत्रात घासून निघाले की उगवण घटते, म्हणून आम्ही बियाण्याच्या चकतीवर एक नवी जोडणी बसवली आणि तिच्या पेटंटसाठी छत्रपती संभाजीनगरातील एका सल्लागार कार्यालयाकडे गेलो.

तिथल्या पेटंट एजंट बाई स्वतः कारखान्यात आल्या, चकती हातात घेऊन व्हर्निअरने तिच्या खाचा मोजल्या आणि आमच्या वेल्डरलाही दोन-चार प्रश्न विचारले. लोखंडी पट्टीऐवजी ब्रश लावला हाच आपला शोध, असे आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. आठवडाभरात त्यांनी ब्रशची कल्पना असलेली जुनी परदेशी पेटंटे समोर ठेवली. मग दाण्याच्या आकाराप्रमाणे मागेपुढे सरकणाऱ्या स्प्रिंगच्या झाकणापुरताच दावा त्यांनी बांधला. आमचा अभिमान थोडा दुखावला. पण हे पुढे पेटंट देण्यापूर्वीच्या सरकारी परीक्षणात उघड झाले असते, तर अधिक महागात पडले असते.

ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क लघुउद्योगाला १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. आमची भागीदारी संस्था असल्याने ही सवलत मिळवण्यासाठी उद्यम प्रमाणपत्रासह फॉर्म २८ जोडावा लागला, आणि ते काम कार्यालयाने बिनचूक केले. त्यांची स्वतःची फी मात्र २८,००० रुपये. २०१६ च्या राष्ट्रीय बौद्धिक संपदा धोरणानंतर सवलतींचा गाजावाजा बराच झाला. चांगला मसुदा लिहून घेण्याचा खर्च मात्र आमच्यासारख्यांच्याच गल्ल्यातून जातो.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. २०१९ पासून लघुउद्योगांना फॉर्म १८अ भरून जलद परीक्षणाची मागणी करता येते, हे आम्हांला सात महिन्यांनी आणि तेही शेजारच्या कारखानदाराकडून कळले. विचारल्यावर कार्यालयातून उत्तर आले, ‘तुम्ही विचारले नव्हते.’ जे विचारायचे हेच ज्याला ठाऊक नाही, त्यानेच तर सल्लागाराला पैसे मोजायचे असतात.

मसुद्यासाठी मी याच बाईंकडे पुन्हा जाईन. मात्र पहिल्याच भेटीत परीक्षणाच्या मागणीची तारीख आणि शुल्क त्यांच्याकडून लेखी घेईन.