आयसीसीएफचा सर्व्हर: दिवसांचा हिशोब चोख ठेवणारा पंच

ज्याने ईमेलवर बुद्धिबळाचे डाव खेळलेत, त्यालाच दूर बसून बुद्धिबळ खेळायच्या या सर्व्हरची खरी किंमत कळेल. सर्व्हर येण्याआधी प्रत्येक मेलमध्ये चालीखाली तारखांची एक ओळ लिहायची असे. "12. 6151. मिळाली 4 मार्च, पाठवली 7 मार्च, दिवस 3, एकूण 19." 12 म्हणजे बारावी चाल, आणि 6151 म्हणजे एफ-1 घरातला (सहावा स्तंभ, पहिली ओळ) हत्ती ई-1 वर (पाचवा स्तंभ, पहिली ओळ). आकड्यांतली ही नोंद पोलंडच्या माणसालाही कळते आणि सांगलीच्याही, त्यामुळे चालीवरून भांडण क्वचितच व्हायचं. भांडण व्हायचं ते तारखांवरून. मी मेल शनिवारी उघडली, त्याच्या मते ती गुरुवारीच पोचली. एका डावात समोरचा म्हणाला, चाल पाठवली. माझ्याकडे ती आलीच नव्हती. मग जुन्या मेल शोधून पंचाकडे पाठवा, त्याच्या निर्णयाची वाट बघा, आणि तोवर डाव तसाच अडकलेला.

इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स चेस फेडरेशन, म्हणजेच आयसीसीएफ, ही पत्राने खेळायच्या बुद्धिबळाची जागतिक संघटना. तिचा सर्व्हर 2004 साली सुरू झाला आणि हा सगळा त्रास मुळापासून संपला. चाल पटावर करायची, ती क्षणात नोंदली जाते, समोरच्याला मेल जाते, आणि दोघांना एकच घड्याळ दिसतं. कोणाचे किती दिवस गेले यावर आता वादच उरत नाही.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, हिशोबाचा माणूस. म्हणून मला इथली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वेळेची रचना. सर्व्हरवरचा नेहमीचा नियम 10 चालींना 50 दिवस. उरलेले दिवस पुढच्या टप्प्यात जमा होतात. त्यात उत्तर 24 तासांच्या आत दिलं तर एकही दिवस खर्ची पडत नाही. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, दहा-बारा चाली पुस्तकातल्याच असतात, त्या रोज संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर करून टाकायच्या. दहाव्या चालीला 50 पैकी 45 दिवस शिल्लक असले, तर अकराव्या चालीला हातात 95 दिवस. डावाची खरी गाठ विसाव्या-पंचविसाव्या चालीला बसते. घोडा द्यायचा की उंट, हे ठरवायला तेव्हा आठवडा लागतो, आणि तो आठवडा तुमच्याकडे असतो.

लिचेसवर हे जमत नाही. ती साइट फुकट आहे, देखणी आहे, तिथला पट वापरायला फार सोपा आहे आणि नवशिक्याला मी तीच सुचवेन. पण तिथे दर चालीला ठरावीक दिवस मिळतात, एकापासून चौदापर्यंत. तासाभरात उत्तर दिलंत तरी वाचलेला वेळ जमा होत नाही. सोपी चाल आणि अवघड चाल यांना सारखीच मुदत. नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्याला साठवलेले दिवस हवेत, असं माझं ठाम मत आहे.

साठवणुकीलाही लगाम आहे, आणि तो असायलाच हवा. बहुतेक स्पर्धांत एका चालीवर 20 दिवसांच्या वर गेलात की पुढचा प्रत्येक दिवस दुप्पट धरला जातो. 25 दिवस घेतलेत तर खात्यातून 30 जातात. हरणाऱ्या डावात मुद्दाम गप्प बसणाऱ्यांना हा चांगला चाप आहे. रजा, म्हणजे घड्याळ थांबवून ठेवायची सोय, मात्र उदार आहे: कॅलेंडर वर्षात 45 दिवस. माझी बरीचशी सप्टेंबरात जाते, कारण 30 तारखेला टॅक्स ऑडिटची मुदत असते आणि तेव्हा डोक्यात फक्त बॅलन्स शीट असतात. रजा आधी टाकायची. मी गणपती बसायच्या सुमारास ती सर्व्हरवर भरून मोकळा होतो.

कमतरता आहेत. साइटचा चेहरामोहरा जुनाट आहे. पहिल्यांदा गेलेला माणूस तक्ते आणि संक्षेप बघून गोंधळतो. बहुतेक स्पर्धांना प्रवेश शुल्क आहे. आणि इथे संगणकाची मदत घ्यायला बंदी नाही, त्यामुळे वरच्या स्तरावर बरोबरीच बरोबरी. मला स्वतःला इंजिनाची (चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रॅमची) पहिली पसंती बाजूला ठेवून तिसऱ्या-चौथ्या पर्यायात खोल जायला आवडतं, म्हणून चालतं. ज्याला फक्त स्वतःच्या डोक्याने लढायचं आहे, त्याने लिचेसच बघावं. तिथे करस्पॉन्डन्समध्ये, म्हणजे दर चालीला दिवस मिळणाऱ्या डावांत, पुस्तकं चालतात, इंजिन चालत नाही.

नाव नोंदवणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. एक, स्पर्धेचा वेळेचा नियम आधी नीट वाचा, कारण आता सगळीकडे 10 ला 50 राहिलेलं नाही. दुसरी, सुरुवातीला एकच गट घ्या. सात जणांच्या गटात सहा डाव एकदमच सुरू होतात, आणि सहाही घड्याळं वेगवेगळी चालतात. दोन गट घेतले की बारा. ओपनिंगमध्ये ते सहज झेपतात. सहा महिन्यांनी बाराही डाव मधल्या खेळात शिरतात, तेव्हा साठवलेले दिवस भराभर उडतात.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा त्या जुनाट तक्त्यांमुळे कापला.