खाडीच्या माशातील कायनेज : आरएनए मोजावे की प्रथिन?

ठाणे खाडीतील निवटी किंवा बोय हे मासे भरती-ओहोटीबरोबर बदलणारी क्षारता सोसतात, आणि त्यांच्या कल्ल्यांतील पी३८सारखी कायनेज विकरे (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी प्रथिने) हा ताण पेशीच्या आत कळवतात. ऐरोली-वाशीकडून आणलेल्या अशा नमुन्यात ही विकरे तपासण्याचे दोन मार्ग प्रयोगशाळेपुढे असतात : क्यूपीसीआरने (प्रती वाढवत मोजण्याच्या तंत्राने) जनुकाचा संदेशवाहक आरएनए मोजणे, किंवा वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने, प्रथिन पाहणे.

क्यूपीसीआरला चिमूटभर ऊती पुरते. आजच्या बहुतेक अस्थिमत्स्यांच्या (टेलिओस्ट गटाच्या) पूर्वजात संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाल्याने एकाच कायनेजची अनेकदा दोन जनुके आढळतात. योग्य प्रायमर (नेमके जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) असल्यास ती वेगळी मोजता येतात, जे प्रतिपिंडांना सहसा जमत नाही. मात्र आरएनए लवकर विघटित होतो, त्यामुळे मासा जाळ्यातून काढल्यावर विच्छेदनास लागणारा वेळ (आणि वाटेतली वाहतूक कोंडी!) हिशेबात धरावा लागतो. शिवाय तुलनेसाठी वापरले जाणारे बीटा-ॲक्टिन हे संदर्भ-जनुक यकृत, कल्ले आणि स्नायूंत सारखेच स्थिर राहील, असे गृहीत धरू नये.

तरीही मूळ अडचण निराळीच आहे. कायनेजचे काम फॉस्फेट जोडले गेल्यावर, काही मिनिटांतच सुरू होते. तेव्हा जनुकाची अभिव्यक्ती बदललेली असेलच असे नाही. या दोन मार्गांपैकी हे फॉस्फेट जोडले जाणे फक्त ब्लॉट दाखवतो, तेही फॉस्फेट जोडलेले रूप ओळखणारे प्रतिपिंड वापरल्यास. बाजारातील बहुतेक प्रतिपिंडे सस्तन प्राण्यांसाठी बनवलेली असली, तरी पी३८चा थ्रिओनिन-ग्लायसिन-टायरोसिन हा सक्रियतेचा भाग माशांतही जपला गेल्याने ती पुष्कळदा चालतात. म्हणून ताणाचा पहिला तास अभ्यासायचा असेल, तर मी ब्लॉटच निवडेन. मासा काही आठवड्यांत नव्या क्षारतेशी कसा जुळवून घेतो हे पाहायला क्यूपीसीआर पुरेसे आहे.