शूटर किती आहेत, त्यावर संघ बांधा

कॉलेजचा किंवा क्लबचा बास्केटबॉल संघ घेऊन हंगामाची आखणी करत असाल, तर आधी एक मोजणी करा: तीन गुणांच्या रेषेबाहेरून भरवशाने मारणारे आपल्याकडे किती जण आहेत? थ्री, म्हणजे तिथून मारलेले तीन गुणांचे शॉट, किती मारायचे, हे त्यानंतर आपोआप ठरतं.

गुणांचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. शंभरातले 35 थ्री पडले तर 105 गुण. जवळून, दोन गुणांचे, शंभरातले 50 पडले तर 100. पण शूटरची खरी किंमत चेंडू त्याच्या हातात नसताना कळते.

एनबीए या अमेरिकेतल्या लीगमधला बॉस्टन सेल्टिक्सचा 2023-24 चा संघ बघा. सामन्यामागे थ्रीचे 42 हून जास्त प्रयत्न, 64 विजय आणि अंतिम मालिकेत डॅलसला 4-1 ने हरवून विजेतेपद. टेटम, ब्राउन, व्हाइट, हॉलिडे तर मारायचेच, पण पोर्झिंगिस आणि हॉरफर्ड हे उंचेपुरे सेंटरही (सेंटर सहसा बास्केटखाली खेळतो) रेषेबाहेर उभे राहायचे. मग समोरच्या सेंटरला बास्केटखालची जागा सोडावीच लागे. टेटम आत घुसला की कॉर्नरवरचा, म्हणजे कोपऱ्यातल्या शूटरवर नेमलेला, डिफेंडर मदतीला एक पाऊल आत टाकतो. तेवढ्यात चेंडू कॉर्नरला. डिफेंडर हात वर करून परत धावतो, त्याचा तोल पुढे गेलेला असतो. शूटर एक तर तिथूनच मारतो, नाहीतर त्याच्या बगलेतून आत शिरतो. एकही कच्चा शूटर नसला की मदत कुठून आणायची, हेच समोरच्याला सुचत नाही.

डेन्व्हर नगेट्सने 2022-23 मध्ये अंतिम मालिकेत मायामीला तसंच 4-1 ने हरवलं, पण हंगामात सामन्यामागे थ्रीचे सुमारे 31 च प्रयत्न करून. फ्री-थ्रो रेषेजवळ चेंडू धरून जोकिच, त्याच्या भोवतीने पळणारा मरे, बेसलाइनला (बास्केटमागच्या सीमारेषेजवळ) बास्केटलगत गॉर्डन, बाहेर पोर्टर आणि कॅल्डवेल-पोप. मारायचे कमी, पण नेम पक्का. मला हा खेळ बघायला जास्त आवडतो. मात्र तो जोकिचच्या पासवर उभा आहे, आणि तसा पासर मिळणं दुर्मीळ.

थ्रीवर भिस्त ठेवली की वाईट रात्र फार महागात पडते. 2018 मध्ये ह्यूस्टनने गोल्डन स्टेटविरुद्ध मालिकेच्या सातव्या सामन्यात सलग 27 थ्री चुकवले आणि हंगाम तिथेच संपला. 2025 च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनने न्यूयॉर्कविरुद्धच्या मालिकेत पहिल्याच सामन्यात 60 पैकी 45 चुकवले, 20 गुणांची आघाडी घालवली आणि ओव्हरटाइममध्ये हरले. शिवाय लांबून चुकलेला चेंडू लांबच उडतो आणि समोरच्याला फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला) मिळतो.

आता आपल्याकडचे नियम. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो. एनबीएत डिफेन्सचा सेंटर कुणावरही पहारा न ठेवता पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. आपल्याकडे तो हवा तितका वेळ उभा राहतो. म्हणून झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) फोडायला शूटर आपल्यालाच जास्त लागतात. एनबीएत कॉर्नरचा थ्री बराच जवळ पडतो. आपल्याकडे रेषा 6.75 मीटरवर आणि कॉर्नरला 6.60, म्हणजे सूट फक्त 15 सेंटिमीटरची.

त्यामुळे माझं मत असं: चार शूटर असतील तर बिनधास्त पाचही जण बाहेर ठेवा. तीन असतील तर एक माणूस बेसलाइनला, गॉर्डनसारखा. दोनच असतील तर दोघांना एकाच बाजूला कोंबू नका. चेंडू आधी आत द्या आणि आतून बाहेर येऊ द्या.

मोजणी मात्र सरावाच्या शेवटी करा, सगळे दमलेले असताना. प्रत्येकी 50 शॉट, समोर हात वर करून धावत येणारा एक जण. ज्याचे 17-18 पडतील, तो शूटर.