कोचीत दीडशे रुपयांत रिक्षा मिळत असेल, तर आधी हे वाचा

"कसा काय, बरा हाय ना?"

फोर्ट कोचीच्या जेट्टीतून बाहेर पडतोय तोच कानावर मराठी पडलं, आणि तिथेच आम्ही निम्मे फसलो. खाकी शर्टातला, पन्नाशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा रिक्षावाला. म्हणे कुर्ल्याला सहा वर्षं काढली. वडापावची चौकशी केली, डोंबिवलीची गर्दी कमी झाली का विचारलं. आईला "अम्मा" म्हणून हात देऊन रिक्षात बसवलं. कुठल्याही गावी गेलं की रिक्षावाल्यावर संशय घेणारी मी, दोन मराठी वाक्यांवर विरघळले.

जानेवारीतली गोष्ट. मी, नवरा आणि माझी आई, नेत्रावती एक्स्प्रेसने एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या स्टेशनवर, उतरलो होतो. शुक्रवार होता. हा वार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच्याकडे एक लॅमिनेट केलेलं कार्ड होतं. त्यावर फोटोंसकट दहा ठिकाणं: चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, सांताक्रूझ बॅसिलिका, धोबीखाना, जैन मंदिर, डच पॅलेस, ज्यूंचं सिनेगॉग वगैरे. "सगळा दाखवते. दीडशे." नवऱ्याने दोनदा विचारलं, "टोटल दीडशे?" तर मान हलवून "दीडशे, दीडशे". दक्षिणेतली ती मान हो म्हणते की नाही, हे आम्ही आपल्या सोयीने ठरवलं.

जाळ्यांपाशी पहिला छोटा हिसका बसला. चिनी जाळी म्हणजे लाकडी वाशांवर ताणलेलं अवाढव्य जाळं, मागे दोरांना टांगलेले धोंडे. चार-पाच जण दोर ओढतात, धोंडे खाली येतात आणि जाळं पाण्यातून वर उठतं. तिथल्या एकाने नवऱ्याला "आओ सर, खींचो" म्हणून फळीवर बोलावलं. यांनी उत्साहाने दोर ओढला, आम्ही फोटो काढले. जाळ्यात मूठभर मासळी. उतरताना पाचशे मागितले, शंभरावर सुटका झाली. आता वाटतं, ते शंभर सगळ्यात सत्कारणी लागले. माणसाने निदान जाळं तरी दाखवलं.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ साली कोचीतच वारला. दाराशी एक 'गाइड' आपणहून चिकटला आणि "वास्को अजून इथेच झोपलाय" असं रंगवून सांगून पन्नास रुपये घेऊन गेला. खरं म्हणजे पंधराएक वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. तिथे उरली आहे ती जागा आणि दगड. असो. धोबीखाना मात्र आईला मनापासून आवडला. निखाऱ्याची जड इस्त्री बघून ती दहा मिनिटं हललीच नाही.

साडेअकरा वाजले असतील. मी म्हटलं, आता सिनेगॉग. तो म्हणाला, "अभी उधर बहुत भीड़. पहिला मसाला गोडाऊन." आणि सुरू झाली दुकानं.

पहिलं दुकान एसीवालं, तीन मजली, दारावर 'सरकारमान्य'. कोण सरकार, काय मान्य, काही लिहिलेलं नाही. एकाही वस्तूवर किंमत नाही. लिंबू सरबत आलं. आम्ही वीस मिनिटांत काही न घेता बाहेर पडलो तर स्वारीचा चेहरा पडलेला. दुसऱ्या दुकानापाशी तो सरळच बोलला: काही घेऊ नका, पण आत दहा-पंधरा मिनिटं बसा, मला डिझेलचं कूपन मिळतं. खरं सांगते, मला त्याची दया आली. गरीब माणूस आहे, आपलं काय जातं, म्हणून आम्ही गालिचे बघत बसलो. काचेतून दिसत होतं: काउंटरवाल्याने त्याच्या छोट्या डायरीत शिक्का मारला. किती गिऱ्हाईकं, किती वेळ, याचा तो हिशोब असावा.

तिसऱ्या दुकानात आमचा निकाल लागला. विक्रेता तरुण, अत्यंत अदबशीर. आईच्या मनगटावर चंदनाच्या तेलाचा थेंब लावला. वेलची तळहातावर ठेवली, हिरवीगार, टपोरी. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अम्मा, ये केरला का केसर. बाहर नहीं मिलता." पाच ग्रॅम पंधराशे! आमच्याकडे पाडव्याला आई घरी चक्का टांगते, तेव्हा केशराचा भाव तिला तोंडपाठ. पंधराशे तिला स्वस्त वाटले, आणि स्वस्त वाटलं तिथेच ती फसली. पाव किलो वेलची साडेबाराशे, अर्धा किलो मिरी नऊशे, चंदनाच्या तेलाची बाटली सहाशे. एकूण ४,२५०. बिल मागितलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर 'एस्टिमेट' असं छापलेलं, जीएसटी नंबर नाही, दुकानाचं नावही नाही. क्यूआर स्कॅन केला तर पडद्यावर दुकानाचं नाव येण्याऐवजी भलत्याच कुणाचं नाव आलं. मी पाहिलं, आणि तरीही पिन टाकला. सवयीने अंगठा आपोआप चालतो हल्ली.

सिनेगॉगपाशी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. दार बंद. शुक्रवारी ते दुपारनंतर उघडत नाही, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस लागतो. डच पॅलेस तर शुक्रवारी बंदच असतो. म्हणजे कार्डावरच्या ज्या दोन ठिकाणांसाठी आम्ही शेजारच्या मट्टांचेरी भागात आलो होतो, त्यांतलं एक आज दिसणारच नव्हतं आणि दुसरं बघायची वेळ दुकानांत खर्ची पडली होती. त्याला हे माहीत नसेल? रोजचा धंदा आहे त्याचा. आम्हालाही माहीत असायला हवं होतं, ते वेगळं.

मग पैसे. दीडशे पुढे केले तर तो हसला. दीडशे माणशी, आणि तेही तासाला. तीन माणसं, तीन तास, तेराशे पन्नास. नवऱ्याचा आवाज चढला. तेवढ्यात आणखी दोन रिक्षावाले शेजारी येऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत, नुसते उभे. आई म्हणाली, "देऊन टाक रे, उन्हात तमाशा नको." नऊशेवर मिटलं. वर जाताना म्हणतो कसा, "परत या हां!"

दुसऱ्या दिवशी आम्ही शहाण्यासारखे निघालो. एर्नाकुलमला हायकोर्टाजवळून वॉटर मेट्रो पकडली. फोर्ट कोचीचा हा मार्ग २०२४ च्या एप्रिलपासून आहे, तिकीट तेव्हा ४० रुपये, एसी होडी, वीसेक मिनिटं. एर्नाकुलमच्या जुन्या जेट्टीवरून सरकारी बोट तर अगदी थोड्या रुपयांत नेते. पहिल्या दिवशी आलो होतो ती हीच, आणि गंमत बघायची तर तीच बरी, कारण शेजारी शाळेची मुलं आणि मासळीच्या टोपल्या असतात. फोर्ट कोची ते मट्टांचेरी अंतर दोन-अडीच किलोमीटर. केरळात २०२२ पासून रिक्षाचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला किमान ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला १५. म्हणजे हिशोबाने पंचेचाळीस होतात. आईसाठी रिक्षा केली, त्याने पन्नास घेतले. सबंध वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. मला फार आवडला.

डच पॅलेस पाहिला. नाव डच, पण बांधला पोर्तुगीजांनी आणि दिला कोचीच्या राजाला. डचांनी पुढे डागडुजी केली, तेवढ्यावर नाव त्यांचं झालं. आतली रामायणाची भित्तिचित्रं बघायला एक तास कमी पडतो. आणि सिनेगॉग? शनिवारी दिवसभर बंद. रविवारी आमची गाडी. ती हाताने रंगवलेल्या निळ्या चिनी फरशांची जमीन आम्ही शेवटी पोस्टकार्डावरच पाहिली.

मसाल्याचं सत्य त्याच दिवशी कळलं. मट्टांचेरीत कोकणी बोलणारी जुनी वस्ती आहे, पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेल्या सारस्वतांची. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका छोट्या दुकानात म्हातारे गृहस्थ गिऱ्हाइकाशी बोलत होते. आई मूळची वेंगुर्ल्याची. हेल वेगळा, पण शब्द ओळखीचे, ती थबकलीच. दोघांचं जमलं. तिने पिशवीतली आमची वेलची काढून दाखवली. त्यांनी एक बोंड नखाने फोडलं. आतले दाणे तपकिरी, कोरडे, सुटे सुटे. मग आपल्या बरणीतलं एक फोडलं: काळे, चिकट दाणे एकमेकांना धरून, आणि दुकानभर वास. आमच्या वेलचीतलं तेल आधीच काढून घेतलेलं, वरून हिरवा रंग दिलेला. मिरीला खोट नव्हती, फक्त भाव दुप्पट होता. केशराची डबी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. केरळात केशर पिकत नाही, एवढंच म्हणाले.

रात्री हॉटेलात कोमट पाण्याच्या पेल्यात आईने चार काड्या टाकल्या. अस्सल केशराचा पिवळा रंग सावकाश सुटतो आणि काडी लालच राहते. इथे पाणी क्षणात लालभडक झालं आणि तळाशी पांढुरके धागे उरले. मक्याच्या कणसाचे केस असावेत. आई पेल्याकडे बघत म्हणाली, "श्रीखंडात पडलं असतं गं."

तक्रार करायची म्हटलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण सांगणार काय? बिल नाही, दुकानाचं नाव नाही, रिक्षाचा नंबरही टिपलेला नाही. फोर्ट कोचीत पर्यटक पोलीस आहेत, जाग्यावरच त्यांच्याकडे जायला हवं होतं. आम्ही नऊशे देऊन जेवायला गेलो. म्हणून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगते: वार बघून जा, रिक्षात बसताना नंबर प्लेटचा फोटो काढा, आणि दीडशे 'माणशी, तासाला की सगळे मिळून' हे कागदावर लिहून त्याला दाखवा. दीडशे रुपयांत कुणी तीन तास रिक्षा फिरवत नाही. उरलेले पैसे दुकान देतं, आणि दुकान ते आपल्याकडून काढतं. कुर्ल्याच्या गप्पा, अम्माला दिलेला हात, सगळं त्यातच धरलेलं असतं.

केशर टाकून दिलं. वेलची मात्र आईने टाकू दिली नाही, एवढे पैसे मोजलेत म्हणून. रोज सकाळी चहात दोन-दोन ठेचून घालते. नवरा पहिला घोट घेतो आणि रोज विचारतो, "आज वेलची नाही का घातली?"