बीटल्स, हॉलीवूड बोल लाइव्ह: रेकॉर्ड बँडची, पण ऐकायची पब्लिकसाठी

आधीच सांगून टाकतो, बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडची गाणी नीट, स्वच्छ, एकेक गिटार वेगळी ऐकायची असेल तर 'लाइव्ह ॲट द हॉलीवूड बोल'च्या वाटेला जाऊ नका, त्यासाठी स्टुडिओचे अल्बम आहेतच की. ही रेकॉर्ड घ्यायची ती पब्लिकसाठी. सतरा हजारांवर लोक, त्यात बहुतेक शाळकरी पोरी, आणि त्या पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत किंचाळतायत, मधे श्वास कधी घेतात देव जाणे.

माहिती थोडक्यात. लॉस एंजेलिसच्या डोंगरात हॉलीवूड बोल नावाचं उघडं थिएटर आहे, तिथले बीटल्सचे तीन शो त्यांच्या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीने, कॅपिटलने, रेकॉर्ड केले, २३ ऑगस्ट १९६४ चा आणि मग १९६५ चे २९ आणि ३० ऑगस्टचे. त्यातही २९ तारखेला गाणाऱ्या, बेस वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीच्या माइकनेच दगा दिला. सगळं टेपवर तीन ट्रॅकमध्ये, म्हणजे आवाजाच्या तीनच वेगळ्या पट्ट्या, आज आपल्या फोनमधलं फुकट ॲप त्याहून जास्त ट्रॅक देतं. ऐकल्यावर कोणालाच पसंत पडलं नाही आणि टेप्स कपाटात गेल्या त्या गेल्याच.

बाहेर काढल्या कोणी, तर भास्कर मेनन यांनी. आपल्याकडच्या एचएमव्हीवाल्या ग्रामोफोन कंपनीतून वर चढत गेलेला मल्याळी माणूस, सत्तरच्या दशकात अमेरिकेत कॅपिटलचा प्रमुख होता, त्यांनी बीटल्सचा प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन याला सांगितलं की एकदा ऐकून तर बघा. (ही गोष्ट आपल्याकडे कोणाला माहीतच नसते, बीटल्स ऋषिकेशला आले होते ते मात्र सगळ्यांना पाठ.) मार्टिन आणि इंजिनियर जेफ एमरिक बसले, पण तीन ट्रॅकचं जुनं मशीन मिळता मिळेना, आणि मिळालं ते इतकं तापायचं की व्हॅक्युम क्लीनर उलटा लावून त्यावर गार हवा सोडत सोडत टेप उतरवून घेतली. असा जुगाड करून १९७७ साली तेरा गाण्यांची एलपी आली आणि इंग्लंडमध्ये एक नंबरला गेली.

मी ऐकतोय ती दोन्ही एडिशन्स, ७७ ची एलपी आणि २०१६ ची नवी, जी जॉर्ज मार्टिनचा मुलगा जाइल्स मार्टिन याने परत मिक्स केली, चार गाणी जास्त घालून एकूण सतरा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या लोकांनी सॉफ्टवेअरने किंचाळ्या आणि वाद्यं एकमेकांपासून सोडवली, आणि फरक खरंच जाम आहे. रिंगोचा ड्रम आता पोटात लागतो, 'टिकेट टू राइड'मध्ये बेस कुठे चाललाय ते कळतं, आणि 'बॉइज'मध्ये रिंगो मागे बसून एकीकडे ड्रम बडवतोय आणि दुसरीकडे घसा फाडून गातोय, ते ऐकून हसूच येतं, इतका खुशीत आहे पोरगा. आणि हे सगळं ते करतायत स्वतःचा आवाज ऐकू येत नसताना, कारण तेव्हा स्टेजवर मॉनिटर स्पीकर हा प्रकारच नव्हता, रिंगोने पुढे सांगितलंय की तो पुढच्या तिघांची हलणारी पाठ आणि मान बघून अंदाज लावायचा की गाणं कुठवर आलंय. हे माहीत असून ऐकलं की त्यांचा ताल एवढा घट्ट कसा, याचं आश्चर्य जास्त वाटतं. उगाच नाव होण्याआधी जर्मनीत हॅम्बुर्गच्या बारमध्ये रात्ररात्र वाजवलं नव्हतं.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. इकडे आमच्याच बिल्डिंगमध्ये एक आजी राहतात, अमेरिकन, त्या ६४ च्या शोला होत्या. तेव्हा शाळेत होत्या, वडील बाहेर गाडीत पेपर वाचत बसले होते म्हणे. त्यांना घरी बोलवून चहा पाजला आणि दोन्ही रेकॉर्ड लावल्या. आधी नवी लावली तर त्या शांत बसून राहिल्या, मग म्हणाल्या छान वाजवायचे हो पोरं, आम्हाला त्या दिवशी यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. मग ७७ ची लावली आणि सुई टेकून किंचाळ्यांची ती भिंत सुरू झाली तशी बाई एकदम सरसावून बसल्या, हा, हे, असंच होतं! गाणं कुठलं चाललंय हे शेजारच्या मैत्रिणीला विचारायचं तर तिच्या कानात ओरडावं लागायचं, आणि तीही ओरडतच असायची. आणि हो, पॉलने त्यांच्याकडे बघितलं होतं. नक्की बघितलं होतं. आता त्या सतरा हजारांतल्या प्रत्येकीकडे पॉलने बघितलेलं असणार, मान दुखली कशी नाही त्याची कोण जाणे, पण आजींपुढे हे बोलायची माझी काय बिशाद!

स्टेज केवढं दिसत होतं विचारलं तर अंगठा आणि बोट यात चिमूटभर अंतर दाखवलं. त्यात तेव्हा स्टेजपुढे पाण्याचा हौद होता, तेवढा आणखी लांब. शो संपला अर्ध्या तासात, दुसऱ्या दिवशी घसा बसलेला, आणि आईने गरम पाण्यात मध घालून दिला. गाण्यांबद्दल त्यांच्या आठवणीत तसं फार काही नाही, आणि ते साहजिकच आहे ना, गाणी घरी रेकॉर्डवर पाठ झालेलीच होती, तिकीट काढलं होतं ते त्या चौघांसोबत एका जागी असण्यासाठी. याच ६४ च्या शोला सिगोर्नी वीव्हरही होती, पुढे मोठी हिरॉइन झाली ती, तेव्हा प्रेक्षकांतली एक पोरगी.

म्हणून माझं मत जरा उलटं आहे. सगळीकडे २०१६ चं कौतुक वाचाल आणि ते खोटं नाहीच, पण जाइल्स मार्टिनने पब्लिकला मागे ढकललंय, आणि या रेकॉर्डवर पब्लिक हेच तर पाचवं वाद्य आहे राव. 'थिंग्ज वी सेड टुडे' ऐका, मधला भाग येतो तिथे बँड एकदम जोर लावतो आणि त्याच क्षणी किंचाळी वर चढते, कोणी खूण केल्यासारखी, सगळ्या एकदम. म्हणजे पोरींना ऐकू येत नव्हतं असं म्हणतात, मग हे कसं कळलं? ७७ वर तो क्षण अंगावर येतो, नव्यावर तो फक्त छान वाटतो. उलट 'हेल्प!' किंवा 'अ हार्ड डेज नाइट' नव्यावरच ऐकावं, जुन्यावर नुसता गोंगाट आहे. जादाची चार गाणी ठीक, 'बेबीज इन ब्लॅक' सोडलं तर नसती तरी चाललं असतं.

कव्हरचं पण सांगतो, जुन्यावर शोच्या दोन तिकिटांचं चित्र होतं, अगदी बरोब्बर निवड, कारण अल्बम तिकीट काढून आलेल्यांचाच आहे. नव्यावर विमानात चढतानाचा त्यांचा फोटो टाकलाय, दिसायला मस्त, पण बोलचा त्याच्याशी काय संबंध?

ऐकायचं कसं, तर हेडफोन नको. हेडफोनवर किंचाळ्या थेट कानात घुसतात आणि तिसऱ्या गाण्याला डोकं धरतं. स्पीकरवर लावा, आवाज चांगला मोठा ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून.

पाचपैकी चार. स्ट्रीमिंगवर नवी एडिशन मिळते, ती आधी ऐका, आवडली तरच पैसे खर्च करा. ७७ ची एलपी तेव्हा भरपूर खपलेली आहे त्यामुळे जुन्या रेकॉर्डच्या दुकानात अजून वाजवी भावात सापडते, फक्त विकत घेण्याआधी उजेडात तिरकी धरून ओरखडे तपासा, दोन्ही बाजू थोड्या वाजवून बघा, कारण पार्टीत वाजवायचीच रेकॉर्ड होती ही आणि बहुतेकांनी ती तशीच वापरलीय.